उतरणीची ताकद

रामटेकचा गड पायऱ्यांनी चढून जाणाऱ्या माणसाला चढताना दम लागतो, घाम फुटतो, आणि वर मंदिरात पोचल्यावर त्याला वाटते की कष्टाचा भाग संपला. उतरताना तो गप्पा मारत उतरतो. दुसऱ्या दिवशी मात्र, आणि कित्येकदा तिसऱ्या दिवशी अधिकच, त्याच्या मांड्या इतक्या भरून आलेल्या असतात की खुर्चीत बसताना हाताचा आधार घ्यावा लागतो. हे दुखणे चढल्याचे नसते, उतरल्याचे असते. मी नागपुरात फिजिओथेरपीचे काम करते, आणि हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतेच: ‘चढताना तर काही नाही झालं जी मॅडम, मग उतरल्यावरच काऊन दुखून राह्यलं?’ या प्रश्नाच्या उत्तरातच पाठीला आलेला बाक, पुढे गेलेली मान आणि गोल झालेले खांदे यांच्यावरच्या उपचाराचा एक मोठा आणि दुर्लक्षित भाग आहे, असे माझे मत इतक्या वर्षांच्या कामातून पक्के झाले आहे.

स्नायू तीन तऱ्हांनी काम करतो. भरलेली कळशी उचलताना दंडाचा पुढचा स्नायू आखडून लहान होतो, त्याला कॉन्सेंट्रिक काम म्हणतात. कळशी तशीच धरून उभे राहिले, तर त्याची लांबी बदलत नाही पण जोर लागतच असतो, ते आयसोमेट्रिक काम. आणि तीच कळशी न आदळता अलगद ओट्यावर ठेवताना तो जोर लावत लावत लांब होत जातो, ते एक्सेंट्रिक काम. या तिसऱ्या कामाकडे आपले लक्ष जात नाही, कारण वजन ज्या दिशेला आपण होऊनच जाणार असते त्याच दिशेला ते चाललेले असते. विहिरीत बादली सोडणाऱ्याला मात्र ते नेमके कळते. दोर मुठीतून एकदम सुटू दिला तर बादली कठड्यावर आपटत जाते आणि तळहात सोलून निघतो, पण दोर धरून थोडा थोडा देत गेले तर बादली सरळ पाण्याला लागते. गड उतरताना मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पायरीवर असाच दोर देत असतो, आणि त्या देण्याची सवय नसली की दुसऱ्या दिवशी तो दुखतो.

या कामाचे वेगळेपण ज्या प्रयोगातून लख्खपणे पुढे आले तो प्रयोग मला फार आवडतो. 1952 साली लंडनमध्ये अ‍ॅबट, ब्रेंडा बिगलंड आणि रिची या तिघांनी दोन स्थिर सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने नेहमीसारखे पॅडल पुढे मारायचे आणि दुसऱ्याने उलट्या फिरणाऱ्या पॅडलना पायांनी रोधायचे, अशी ती रचना होती. दोघांच्या पायांवर येणारा जोर सारखाच, फक्त एकाचे स्नायू लहान होत काम करत होते आणि दुसऱ्याचे लांब होत. प्राणवायूचा खर्च मोजला तेव्हा पुढे पॅडल मारणाऱ्याला वेगानुसार सुमारे अडीच ते पाचपट जास्त प्राणवायू लागत असल्याचे दिसले. रॉयल सोसायटीत या प्रयोगाचे प्रात्यक्षिक झाले तेव्हा लहान चणीच्या ब्रेंडा बिगलंड रोधायला बसल्या आणि पुढे पॅडल मारणारा त्यांच्याहून थोराड पुरुष थोड्याच वेळात दमून गेला, अशी त्याची आठवण सांगितली जाते.

कमी खर्चात जास्त जोर कसा लागतो, याचे उत्तर स्नायूच्या आतल्या रचनेत आहे. 1954 साली ‘नेचर’मध्ये दोन शोधनिबंध एकाच अंकात आले, एक अँड्र्यू हक्सली आणि निडरगर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. स्नायूतले जाड आणि बारीक तंतू स्वतः आखडत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात, हे त्यांतून पुढे आले. जाड तंतूंवरची सूक्ष्म टोके बारीक तंतूंना पकडून ओढतात, आणि प्रत्येक पकड सोडवायला ऊर्जा लागते. स्नायू भाराखाली लांब होत असताना यांतल्या बऱ्याच पकडी ओढीनेच सुटतात, म्हणून खर्च कमी होतो. शिवाय टायटिन नावाचे एक प्रथिन असते, आपल्या शरीरातले सर्वांत मोठे, 34,000 हून अधिक अमिनो आम्लांच्या साखळीचे. ते लवचिक असते, आणि काम करणारा स्नायू ताणला गेला की त्याची ओढ एकूण जोरात मिळते. शरीराबाहेर काढलेल्या बेडकाच्या स्नायूवर मोजले तर ताणाखाली मिळणारा जोर स्थिर आकुंचनाच्या दीडपटीहूनही वर जातो.

आता बाकाकडे येते. आपल्या घरांत मुलांना सांगायचे वाक्य ठरलेले आहे: ‘पोक काढू नको, ताठ बस.’ मूल ताठ बसते आणि पुन्हा पुस्तकात गुंतले की पूर्ववत होते. त्यात मुलाचा हट्ट नसतो. ताठ बसणे ही एकदा घेऊन टिकवायची मुद्रा आहे असे आपण धरून चालतो, पण जागे असलेले शरीर दिवसभर कुठे ना कुठे वाकत, कलत आणि सावरत असते. माणूस दिवसातून असंख्य वेळा पुढे झुकतो, आणि प्रत्येक झुकण्यात पाठीचे स्नायू धडाचे वजन धरून लांबत जातात. ज्याला हे सावकाश आणि हव्या त्या ठिकाणी थांबत करता येते त्याची पाठ दिवसाच्या शेवटीही बऱ्यापैकी सांभाळलेली असते. ज्याला येत नाही तो झुकत नाही, कोसळतो, आणि कोसळून जिथे टेकतो तिथेच राहतो.

‘कोसळतो’ हा शब्द मी अलंकारासाठी वापरलेला नाही. 1955 साली फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी पाठीच्या स्नायूंच्या विद्युत-नोंदी घेतल्या. उभा माणूस पुढे वाकू लागला की कण्याच्या दोन्ही बाजूंचे उभे स्नायू जोमाने काम करतात, पण वाकणे पूर्णत्वाला गेले की त्यांची नोंद जवळजवळ सपाट होते. धडाचे वजन तेव्हा मणक्यांमागच्या अस्थिबंधांवर आणि इतर निष्क्रिय ऊतींवर टांगलेले असते. खुर्चीत अगदी ढेपाळून बसलेल्या माणसातही असेच घडते, असे पुढच्या अभ्यासांनी दाखवले. म्हणून पोक काढून बसणे सुरुवातीला सुखाचे वाटते, कारण स्नायूंना त्या वेळी खरोखरच सुट्टी असते. अस्थिबंध मात्र सततच्या ताणाखाली हळूहळू सैलावतात. वीस मिनिटे पूर्ण वाकून बसल्यावर आलेला हा सैलपणा पहिल्या काही मिनिटांत निम्माशिम्मा भरून येतो, पण उरलेला भाग अर्धा तास उलटला तरी पुरता जात नाही. त्यामुळे बराच वेळ वाकून काम केल्यावर लगेच सिलिंडर किंवा तांदळाचे पोते उचलू नये, थोडे चालावे, असे मी प्रत्येकाला बजावते.

इतवारीतल्या सराफा ओळीत बसणारे एक कारागीर माझ्याकडे येतात. सकाळी दुकानात शिरल्यापासून खाली मान घालून, एका हातात चिमटा आणि तोंडासमोर ज्योत धरून, डोळे दागिन्याच्या जोडावर लावून ते बसलेले असतात. पहिल्या भेटीत त्यांनी सांगितले की दोन फऱ्यांच्या मधे, म्हणजे खांद्यांच्या पात्यांच्या मधे, सतत जळजळते आणि मुलगा पाय देऊन तुडवतो तेव्हा तेवढे बरे वाटते. झेक वैद्य व्लादिमिर यांडा यांनी 1979 साली मांडलेले चित्र त्यांच्या शरीरात स्पष्ट दिसत होते: छातीचे पुढचे स्नायू आणि मानेच्या मागचे वरचे स्नायू आखूड व ताठर, तर मानेच्या आतले पुढचे स्नायू आणि पात्यांना खाली व मागे धरणारे स्नायू अशक्त. दोन्ही जोड्या बाजूने पाहिल्यावर एकमेकींना छेदतात, म्हणून या ठेवणीला अप्पर क्रॉस्ड सिंड्रोम म्हणतात. यांडा स्वतः किशोरवयात पोलिओतून गेलेले होते, आणि स्नायू कोणत्या क्रमाने कामाला लागतात याकडे त्यांनी आयुष्यभर फार बारकाईने पाहिले.

इथे एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण नेमकी तिथेच बहुतेकांची वाट चुकते. पात्यांच्या मधे जळजळते, ताठरल्यासारखे वाटते, म्हणून लोक तोच भाग आणखी ताणतात. हात समोर गुंफून पाठ गोल करतात, मान पुढे ओढतात, आणि क्षणभर आराम पडतो. पण पुढे झुकलेल्या माणसात तो स्नायू आधीच लांब झालेल्या अवस्थेत दिवसभर वजन तोलत असतो. त्याला आणखी लांबी नको असते, ताकद हवी असते, आणि ताकदही अशी की त्या लांबीतून परत येता यावे. आखूड झालेला स्नायू समोर छातीवर असतो, आणि तो दुखत नसल्यामुळे त्याच्याकडे कोणी पाहत नाही. उपचाराची निम्मी कसोटी कोणता स्नायू लांब आहे आणि कोणता आखूड, हे हाताने तपासून ठरवण्यात असते, आणि व्यायामाचा तक्ता त्यानंतर येतो.

छातीच्या आखूड स्नायूसाठी नुसते ताणणेही चालते, नाही असे नाही. नियमित ताणण्याने हालचालीचा पल्ला वाढतो, पण त्या वाढीचा बराचसा भाग ताण सहन करण्याची तयारी वाढल्यामुळे मिळतो. भाराखाली लांबवण्यात आणखी एक शक्यता असते. 1994 साली लिन आणि मॉर्गन यांनी उंदरांना ट्रेडमिलवर पळवले, काहींना चढावर आणि काहींना उतारावर. उतारावर पळणाऱ्या उंदरांच्या मांडीतल्या स्नायूतंतूंत एकापुढे एक जोडलेल्या सार्कोमिअर या सूक्ष्म घटकांची संख्या जास्त आढळली, म्हणजे स्नायू रचनेनेच लांब झाला होता. माणसात अशी मोजणी करणे सोपे नाही, पण मांडीच्या मागच्या स्नायूंना नॉर्डिक व्यायाम, म्हणजे गुडघ्यांवर उभे राहून, घोटे धरवून धड सावकाश पुढे सोडण्याचा व्यायाम, काही आठवडे दिल्यावर अल्ट्रासाउंडमध्ये त्यांच्या तंतुगुच्छांची लांबी वाढलेली दिसते. 2012 साली सहा चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यातही एक्सेंट्रिक व्यायामाने पायांची लवचिकता वाढते, असाच निष्कर्ष निघाला. लांबी आणि ताकद एकाच कामातून मिळते, आणि मिळालेली लांबी वापरण्याजोगी असते, कारण ती कमावतानाच स्नायूने तिथे वजन पेललेले असते.

त्या कारागिरांना मी चटईवर उताणे झोपवून दोन्ही हातांत पाण्याच्या अर्धा लिटरच्या बाटल्या दिल्या. कोपर किंचित वाकवून हात छातीवरून बाजूला न्यायचे, मनात पाच मोजत, आणि जमिनीला टेकण्याच्या आत थांबायचे. वर आणताना घाई केली तरी चालते. दुसरा व्यायाम थेराबँडचा, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या रबरी पट्टीचा: खिडकीच्या गजाला बँड अडकवून पाती मागे खेचायची आणि परत जाताना बँडने हात ओढून नेऊ नये इतक्या संथपणे हात पुढे सोडायचे. ओढलेल्या शेवटच्या टोकाला मी त्यांना थोडे थांबायला सांगते, कारण आधीच लांब झालेल्या स्नायूला आखूड अवस्थेत जोर लावायची सवयही हवी असते. नुसत्या एक्सेंट्रिकनेच सगळे भागेल असे म्हणणारा माणूस तपासणी न करता बोलतो आहे, असे समजावे.

खांद्याच्या पात्याबद्दल बोलताना मला नेहमीच अधिक सांगावेसे वाटते. माणसाला पाठमोरे उभे करून दोन्ही हात बाजूने वर न्यायला सांगितले तर बऱ्याच जणांचे पाते ठीक चालते. तेच हात सावकाश खाली आणायला सांगितले, आणि हातांत किलोभराचे डंबेल दिले, की मधल्या टप्प्यावर कुठेतरी पात्याची आतली कड पाठीपासून सुटून पंखासारखी बाहेर येते किंवा पाते एकदम खाली पडल्यासारखे हलते. बेन किबलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्याला स्कॅप्युलर डिस्किनेसिस म्हटले, तो दोष वर जाताना लपतो आणि खाली येताना उघडा पडतो. कारण खाली येताना सेरेटस अँटेरिअर या बरगड्यांवरून पात्याकडे जाणाऱ्या स्नायूला आणि ट्रॅपेझिअस या मानेपासून पाठीवर पसरलेल्या स्नायूच्या खालच्या भागाला एक्सेंट्रिक काम करून पाते सोडावे लागते, आणि तेच त्यांना जमत नसते. म्हणून पोक असलेल्या माणसाचे पाते मी खाली येतानाच पाहते, आणि उपचारही तिथूनच सुरू करते. भिंतीला हातांच्या कडा टेकवून वर सरकवायच्या आणि पाती पाठीला सपाट टेकलेली ठेवत सावकाश खाली आणायच्या, हा साधा व्यायाम नीट केला तर घाम काढतो.

मानेचे प्रकरण शहरात सर्वांत मोठे आहे. धरमपेठेतल्या क्लासमधून निघून थेट अभ्यासिकेत जाणारी मुले, परसोडीच्या आयटी पार्कात आणि मिहानमध्ये पडद्यासमोर बसणारी तरुण मंडळी, आणि मेट्रोत सीताबर्डीपासून खापरीपर्यंत मोबाइलवरून डोळे न उचलणारे प्रवासी, या सगळ्यांच्या मानेवर डोक्याचे साडेचार-पाच किलोंचे वजन पुढच्या बाजूला लोंबत असते. केनेथ हान्सराज या शल्यविशारदांनी 2014 साली गणिती प्रतिकृतीवरून काढलेला आकडा सर्वत्र फिरतो, की मान 60 अंश झुकवली तर तिच्यावर सुमारे 27 किलोंचा भार येतो. तो हिशेब प्रतिकृतीतला आहे, प्रत्यक्ष मानेत मोजलेला नाही, आणि तो ऐकवून मुलांना घाबरवू नये, असे मी पालकांना सांगते. मान झुकवण्यासाठीच बनलेली आहे. तिला झुकवून तासन्‌तास तसेच ठेवले जाते आणि तिच्या आतल्या पुढच्या स्नायूंना कामच मिळत नाही, ही अडचण आहे. त्यांच्यासाठी उताणे झोपून हनुवटी गळ्याकडे घ्यायची, डोके उशीपासून दोन बोटे उचलायचे आणि हनुवटी न सोडता ते इतक्या संथपणे परत ठेवायचे की उशीला धक्का लागू नये. उचलण्यापेक्षा ठेवणे जास्त अवघड जाते, आणि जिथे हनुवटी वर उडते तिथे त्या स्नायूची आजची मर्यादा संपलेली असते.

वयात येणाऱ्या मुलींबद्दल मला वेगळे म्हणायचे आहे. आई मुलीला घेऊन येते आणि म्हणते, ‘मॅडम, हिला कितीही सांगा, पोक काढूनच चालते.’ तपासले तर स्नायूंत फारसे काही नसते. मुलगी एकाएकी उंच झालेली असते, किंवा बदलणारी छाती कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून खांदे पुढे घेऊन चालायला शिकलेली असते. अशा मुलीला चारचौघांत ‘ताठ चाल’ म्हणणे हा त्या नजरांमध्ये आणखी एका नजरेची भर घालण्याचा प्रकार आहे. तिला मी आधी वजन उचलायला शिकवते, हलके, पण खरे वजन. दहा किलो जमिनीवरून उचलून तितक्याच शांतपणे परत ठेवता आले की आपल्या शरीराचा तिला वाटणारा संकोच थोडा कमी होतो, असे मी पुष्कळदा पाहिले आहे, आणि खांद्यांत त्याचा फरक बँडच्या व्यायामाहून लवकर दिसतो.

वयस्कांच्या बाबतीत हाच विषय जपून हाताळावा लागतो. एक्सेंट्रिक कामाला प्राणवायू कमी लागतो, त्यामुळे ज्यांना चार पायऱ्या चढल्या की धाप लागते अशा काका-काकूंनाही, हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून, हा व्यायाम झेपतो. खुर्चीसमोर उभे राहून मनात पाच मोजत बसायचे, धपकन टेकायचे नाही, एवढ्याने मांड्या आणि कुल्ले बळकट होतात. कुल्ले बळकट झाले की उभे राहताना धड मागे येऊ लागते. पण हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीला पुढे वाकण्याचे व्यायाम देऊ नयेत. मेयो क्लिनिकमध्ये सिनाकी आणि मिकल्सन यांनी 1984 साली 59 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पाठ मागे ताणण्याचे व्यायाम केलेल्या गटात 16 टक्के स्त्रियांच्या मणक्यांत नवी झीज-मोड दिसली, तर पुढे वाकण्याचे व्यायाम केलेल्या गटात हा आकडा 89 टक्के होता. अभ्यास लहान होता, पण फरक एवढा मोठा होता की आजही आम्ही तो विसरत नाही. साठीनंतर उंची कमी झाली असेल, पाठीला बाक अचानक वाढला असेल, तर आधी हाडांची घनता तपासून घ्यावी आणि व्यायाम मागाहून ठरवावा.

सुरुवात किती करावी, यावर माझा भर जरा जास्तच असतो, कारण एक्सेंट्रिक कामात आपण किती केले हे त्या वेळी कळतच नाही. श्वास लागत नाही, थकवा येत नाही, आणि उत्साहात माणूस भरपूर करून जातो. दुखणे 24 ते 72 तासांत शिगेला पोचते. स्नायू एकदा या कामातून गेला की पुढचे काही आठवडे तेच काम त्याला पूर्वीइतके दुखवत नाही, म्हणून पहिला आठवडा अगदी थोडा ठेवावा, प्रत्येक व्यायामाचे सहा-आठ फेरे, आठवड्यातून दोनदा, आणि मग वाढवत न्यावे. अंबाझरीच्या बाजूला किंवा कुठल्याही बगीच्यातल्या ओपन जिममध्ये मुले दांड्याला लोंबकळून वर जातात आणि धाडकन खाली येतात. खाली येण्याचा निम्मा व्यायाम ती टाकून देतात याचे वाईट वाटते, पण एका दिवसात पन्नास वेळा सावकाश उतरायला लागली तर ते त्याहून वाईट. फार ताणलेल्या स्नायूंतून मायोग्लोबिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांना इजा करू शकते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, शरीरातले पाणी आधीच कमी झालेले असते, तेव्हा हा धोका वाढतो. उन्हाळ्यात व्यायाम पहाटे करावा, पाणी आणि ताक भरपूर घ्यावे, आणि स्नायू सुजून लघवी चहाच्या रंगाची झाली तर घरी वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठावे.

व्यायामाने काय होत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पालथे झोपून छाती उचलली असता जो बाक निघून जातो, तो स्नायूंचा आणि सवयीचा असतो. जो तसाच राहतो, त्यामागे हाडांची रचना असू शकते. श्युअरमन या डॅनिश वैद्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात लागोपाठच्या तीन मणक्यांचा आकार 5 अंश किंवा त्याहून जास्त पाचरीसारखा झालेला असतो, आणि बाटलीने किंवा बँडने तो आकार बदलत नाही. तरुण मुलाची पाठ पहाटे आखडते, अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली राहते आणि हालचालीने मोकळी होते, तर त्याला आधी संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवावे. आणि ज्यांचा बाक सुधारण्याजोगा आहे त्यांच्यातही फरक डोळ्यांत भरेल एवढा असेलच असे नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये वेंडी कॅट्झमन यांनी साठीपुढच्या 99 जणांवर केलेली चाचणी 2017 साली प्रसिद्ध झाली. सहा महिने पाठीच्या बळकटीचे आणि ठेवणीचे व्यायाम करून बाक सरासरी सुमारे 3 अंशांनी कमी झाला. तीन अंश छायाचित्रात कदाचित दिसणारही नाहीत, पण त्या लोकांना स्वतःबद्दल वाटणारे समाधान वाढलेले नोंदले गेले. अशा चाचण्यांत एक्सेंट्रिक भाग बळकटीच्या इतर व्यायामांत मिसळलेला असतो, म्हणून सगळे श्रेय त्या एकट्याला देता येत नाही, आणि मी देतही नाही. शिवाय बाक आणि वेदना यांचे नाते लोक समजतात तितके सरळ नाही. पुष्कळ वाकलेली माणसे वेदनेशिवाय जगतात आणि ताठ माणसांचीही पाठ दुखते. माझ्याकडे येणाऱ्याला मी विचारते ते एवढेच, की तुम्हाला किती वेळ, किती प्रकारे बसता-वाकता येते, आणि वाकल्यावर स्वतःच्या ताकदीने परत येता येते का.

सराफा ओळीतल्या कारागिरांचे काम बदललेले नाही, आणि बदलावे असे मी सुचवलेही नाही. जोड लावायचा तर मान खाली घालावीच लागते. त्यांच्या बसण्याखाली एक जाड पाट ठेवला आणि कामाचा ठोकळा थोडा उंच केला, एवढीच बाहेरची व्यवस्था आम्ही केली. बाकी सगळे चटईवर आणि खिडकीच्या गजाशी झाले. तीन महिन्यांनी त्यांची छायाचित्रे शेजारी ठेवली तर खांदे किंचित मागे आलेले दिसतात, मान अजून पुढेच आहे. पण जळजळ पूर्वी जेवणाच्या सुट्टीआधी सुरू होत असे ती आता संध्याकाळी दुकान बंद होताना जाणवते, आणि काही दिवस जाणवतही नाही. परवा ते म्हणाले, ‘मॅडम, आता मुलगा पाय द्यायला आला तर मीच नाही म्हणतो.’ हात खाली आणताना त्यांचे उजवे पाते अजूनही मधेच सुटते, डावे सुटत नाही. म्हणून पुढच्या आठवड्यापासून डाव्या हाताला लालऐवजी त्याहून कडक हिरवा बँड देणार आहे, आणि उजव्याला लालच ठेवून खाली येण्याची मोजणी पाचवरून आठवर नेणार आहे.